सटवाईच्या कागदावरची फुलं

बोटाला जे लावून मी दुकानात आलो ते औषध नव्हतं, पळसाचं फूल होतं. म्हणजे व्हायचं होतं. मी मध्ये कडमडलो नसतो तर झालं असतं.

अड्याळच्या बाजारात आमचं कापडाचं दुकान. मी नुकताच गादीवर बसायला लागलो होतो आणि कापडाबरोबर स्वतःचं बोट कापण्यात माझा हात चांगलाच बसला होता. फाल्गुनातल्या एका दुपारी कात्री अशीच बोटात शिरली. सरकारी दवाखान्यात नवीन सिस्टर आल्याचं कानावर होतं, म्हणून बोट वर धरून त्यांच्या क्वार्टरवर पळालो. दार सताड उघडं, आत कोणी नाही. टेबलावर बशीत लाल औषध काढून ठेवलेलं, शेजारी कापूस. मनात म्हटलं, काय तयारीची बाई आहे! पेशंट यायच्या आधीच सगळं मांडून ठेवते. मी कापसाचा बोळा औषधात चांगला बुचकळला, बोटाला गुंडाळला, वरून रुमाल बांधला आणि दुकानात येऊन बसलो. संध्याकाळपर्यंत बोट, कापूस आणि रुमाल एकजीव झाले. त्या औषधात बाभळीचा डिंक कालवलेला होता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो तेव्हा सिस्टरबाई घरी होत्या. उंच, किंचित वाकलेल्या, पांढरं लुगडं, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. गरम पाण्यात माझं बोट बुडवून त्या रुमाल सोडवू लागल्या आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "माह्या पळसाचा रंग होता तो. तीन रोज जमून नव्हता राहिला. काल जमला, अन् तुम्ही बोटाले फासून चालले गेले."

"मले वाटलं औषध आहे जी."

"औषधच होय ते. डिंक टाकला का मंग फूल होते."

कापूस निघाला. खालचं बोट लालभडक. सिस्टरबाई एकदम दोन पावलं मागे सरल्या, मान वाकडी केली आणि ओरडल्या, "हालवू नका! असाच होता. बिलकुल असाच होता तो रंग."

मग त्यांनी मला खिडकीपाशी बोट वर धरून उभं केलं आणि त्या बोटाकडे बघत बघत बशीत पुन्हा रंग कालवला. रस्त्यानं जाणारे येणारे थांबून बघत होते. मी कुणाला तरी शपथ देतोय असं त्यांना वाटलं असावं. चित्रकलेला माझा हातभार तेवढा एका बोटाचाच.

त्यांचं नाव सिंधू होतं, हे मला फार उशिरा कळलं. वडील भंडाऱ्याला पितळेच्या भांड्यांवर नक्षी काढायचे, एवढं एकदा बोलता बोलता त्यांच्या तोंडून निघालं. बाकी मागचं पुढचं त्यांनी कधी सांगितलं नाही आणि विचारायची कोणाची छाती झाली नाही. गावासाठी त्या सिस्टरबाई. आजूबाजूच्या खेड्यांतली निम्मी बाळंतपणं त्यांच्या हातची. लेडीज सायकलच्या मागच्या कॅरिअरला त्यांची बॅग आणि बॅगेवर सुतळीनं बांधलेला एक बुटका पिढा. पिढा बाळंतपणासाठी असेल असा पुष्कळांचा समज होता. तो झाडापुढे बसायला होता.

त्यांचं रंगांचं सामान बघण्यासारखं होतं. भंडाऱ्याहून आणलेली पाण्यात कालवायच्या वड्यांची एक पत्र्याची डबी, दोन ब्रश. बाकी सगळा दवाखाना. बाटलीच्या बुडाला उरलेलं लाल औषध, तोंड आल्यावर लावतात ते जांभळं औषध, जखमेचं पिवळं औषध. इंजेक्शनच्या बाटल्यांची रबरी बुचं उलटी करून त्यांत रंग. बारीक देठ काढायला सुई काढलेली काचेची पिचकारी, पानाची लव दाखवायला काडीवर गुंडाळलेला कापूस. कपड्याची नीळ, हळद, चुलीच्या वरची काजळी. वाळक्या पानाला चहा. त्या बिनदुधाचा चहा मागायच्या, अर्धा प्यायच्या, अर्ध्यात ब्रश बुडवायच्या. कधी कधी बोलण्याच्या नादात उलटं व्हायचं, मग थू थू करत पाण्याचा तांब्या मागायच्या.

गावात कोणाच्या पोराच्या तोंडात जांभळं औषध लावलं, की त्या क्षणभर मागे सरून त्याच्या ओठांकडे बघत. आईला वाटे, काहीतरी मोठं दुखणं दिसतंय. "नाही वो माय," त्या म्हणत, "रंग पाहून राहिली. बरा होईन तो परवा."

आता कागदाचं सांगतो, कारण सगळी गोष्ट त्या कागदाची आहे.

आमच्याकडे बाळाची पाचवी पुजतात. पाट्यावरवंट्याची पूजा होते, दिवा लागतो, शेजारी कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. रात्री सटवाई येते आणि लेकराचं नशीब त्या कागदावर लिहून जाते. सकाळी कागद कोराच असतो. तिचं लिहिलेलं आपल्याला वाचता आलं असतं तर मग काय पाहिजे होतं!

सिस्टरबाई गावात आल्या त्याच साली पावसाळ्यात एका घरी पाचवी झाली. सहाव्या दिवशी पहाटेच त्या बाळंतिणीला बघायला गेल्या. घर झोपलेलं. दारात मांडवावर कोहळ्याच्या वेलाला पिवळंधमक फूल उमललेलं, आणि समोर कोरा कागद. बाई बसल्या पिढ्यावर, काढलं फूल, ठेवला कागद जागेवर आणि सायकलवर बसून निघून गेल्या. घरातली म्हातारी उठली. बघते तर सटवाईच्या कागदावर फूल! ती तशीच पदर सावरत गल्लीत धावली. "अवो, पाहा वो! सटवाईनं कोहळ्याचं फूल काढलं माह्या नातवाच्या नशिबात!" तासाभरात त्या घरापुढे ही गर्दी. नारळ फुटले. कोणी म्हणालं पोरगा राजा होईल, कोणी म्हणालं भाजीचं दुकान टाकेल. शेवटी सिस्टरबाईंना चौकात येऊन सांगावं लागलं, "मी काढलं वो ते. पाप लागलं असन तं मले लागन." म्हातारी म्हणाली, "सटवाईनं तुह्या हातून काढलं असन." आणि विषय संपला.

त्या दिवसापासून ज्या घरी त्यांच्या हातचं बाळंतपण, त्या घरी सहाव्या दिवशी सकाळी फूल. कागद मात्र चांगला पाहिजे. कापडाच्या ताग्यांत जाड पांढरा कागद यायचा, तो लोक माझ्याकडून नेऊ लागले. "सिस्टरबाईचा कागद द्या जी," म्हणत कोणी दारात आलं, की मी ओळखायचो. गावात पाळणा हलल्याची बातमी मला न्हाव्याच्याही आधी कळायची, आणि कुठल्याच दुकानदाराला मिळाला नसेल असा मान मला मिळायचा. सटवाईचा कागदवाला!

त्यांचे नियम कडक होते. फूल त्याच अंगणातलं, त्याच दिवसांत उमललेलं पाहिजे. तोडायचं नाही. ते जिथं असेल तिथं जाऊन बसायचं, मग ते उकिरड्यावर का असेना. पान किडीनं खाल्लेलं असेल तर भोक काढायचं. सुरुवातीला त्या कागदावर कापसानं भाताची पेज फिरवीत, म्हणजे रंग फुटत नसे. एका आजीबाईनं हात धरला होता. "अवो बाई, सटवाईचं लिहिलेलं पुसून जाईन ना!"

"सटवाईची शाई पेजेनं नाही जात," बाई म्हणाल्या आणि फिरवली पेज.

काढायला बसल्या की बोलायचं नाही. भोवती माणसं जमली की त्या कामाला लावायच्या. "पाहता काय मले? भात मांडा. ढोरं सोडा." कोणी म्हटलं, बाई, जरा लवकर होईल का, पाव्हणे थांबले आहेत, तर उत्तर ठरलेलं. "नऊ महिने थांबले ना? मंग थांबा अजून."

एकदा मीही त्यांच्यापुढे हुशारी करून पाहिली. घरच्या जास्वंदाचं चित्र काढून नेलं. त्यांनी ते उजेडात धरून मनापासून पाहिलं. "चांगली आहे," म्हणाल्या. "फक्त छत्रीची मूठ राहून गेली."

गावात धानाची गिरणी असलेलं एक मोठं घर होतं. त्या घरी पहिला नातू झाला. आजोबांना वाटलं, आपल्या नातवाच्या कागदावर कोहळंबिहळं नको. त्यांनी भंडाऱ्याहून गुलाबाची कुंडी मागवली आणि पाचवीच्या दिवशी अंगणात मधोमध ठेवली. सकाळी बाई आल्या. कुंडीभोवती एक फेरी मारली.

"हे कधी आली?"

"कधीची आहे जी," आजोबा म्हणाले.

"कुंडीखालचं शेण ओलंच आहे," बाई म्हणाल्या. "लेकरू हिच्या आधी आलं या घरात. मी पाव्हण्याचं फूल काढत नाही."

मग त्या अंगणभर हिंडल्या. सारवून, झाडून, खरडून इतकं चकचकीत केलं होतं की औषधालाही पालवी नव्हती. मागच्या बाजूला, शेणाच्या खड्ड्याच्या काठाला बेशरमाची झुडपं माजली होती. फिकी जांभळी फुलं भरात आलेली. बाईंनी तिथं पिढा टाकला. घरात हाहाकार झाला. आमच्या नातवाच्या नशिबात बेशरम! आजोबा लाल झाले, बाळाचा बाप हात जोडून उभा राहिला, पाव्हणे तोंडात रुमाल कोंबून हसू लागले. मीही कागद पोचवायच्या निमित्तानं तिथं होतो आणि हसणाऱ्यांत होतो.

मग हळूहळू हसणं थांबलं.

त्या फुलाच्या पाच पाकळ्या एकमेकींत मिसळून त्याचा एक नाजूक पेला होतो, हे मी तोवर पाहिलंच नव्हतं. बेशरम रोज दिसायचं. तळ्याच्या काठाला, रस्त्याच्या कडेला, स्मशानाच्या वाटेला. जांभळ्या औषधाचा एक थेंब पाण्यात टाकून बाईंनी पाण्यासारखाच पातळ रंग केला आणि कागद आधी ओला करून त्यावर सोडला. रंग आपल्या पायांनी चालत कडेपर्यंत गेला आणि तिथं थांबला. मग पिचकारीनं अगदी आत, घशाशी, गडद ठिपका. पेल्यात खोली आली. फूल कागदावरून वर उठलं. त्याच्या आत हात घालावासा वाटला. शेणाच्या खड्ड्याच्या काठावर आम्ही आठदहा बाप्ये देवळात उभे राहावं तसे उभे होतो.

घरची आजी पुढे आली. कागद दोन्ही हातांत घेतला. म्हणाली, "कितीबी तोडलं तरी उगवते हे. याचंच नशीब लागो माह्या नातवाले." नातू आता गिरणी चालवतो, आणि त्याला चिडवायला गेलं की तोच आधी हसतो.

पौषातली एक गोष्ट. आमच्याकडे धान कापणीला येतं तेव्हाच त्या ओल्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, लाखोरीची डाळ पेरतात. धान निघून गेल्यावर सगळं शिवार निळ्या बारीक फुलांनी भरतं. एक मजूर बाई लाखोरीच्या बांधीतच बाळंत झाली. सिस्टरबाईंची सायकल पोचेपर्यंत लेकरू मातीवर आलं होतं. सहाव्या दिवशी बाई तिच्या झोपडीत न जाता थेट त्या बांधीत गेल्या. "याचं अंगण हेच," म्हणाल्या. लाखोरीचा निळा मात्र काही केल्या साधेना. वडीतला निळा रंग पाटीवरच्या अक्षरांसारखा कोरडा, आणि कपड्याच्या निळीचा निळा धुतलेल्या सदऱ्यासारखा. त्या दोन्ही मिसळून बघत, पुसत, पुन्हा मिसळत. डोक्यावर ऊन आलं. शेवटी चिडून त्यांनी ब्रश तोंडात धरला, आणि तोंडातून काढला तेव्हा त्याला, टोक करायला ब्रश ओठांत धरायच्या सवयीनं ओठावर राहिलेला, जांभळ्या औषधाचा एक अंश लागून आला. तो निळ्यात उतरला आणि तिथं लाखोरी उमलली. बांधीवरची सगळी माणसं 'आलं!' म्हणून ओरडली, चिखलात रुतलेला बैल जोर करून उठला की ओरडतात तसं. बाई जांभळ्या ओठांनी हसल्या. मी त्यांना तसं हसताना पुन्हा फारसं पाहिलं नाही.

आता आमच्या घरचं.

माझी बायको सुशीला साकोलीजवळच्या एका खेड्यातली. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. मी इथून एक सुरेख कागद कापून, गुंडाळी करून, पिशवीत घालून घेऊन गेलो होतो. तिकडे सिस्टरबाई नसल्या म्हणून काय, सटवाई तर येणारच होती. मुलगा झाला. तिसऱ्या दिवशी गेला. पाचवी झालीच नाही. कागद मी तसाच परत आणला आणि दुकानात गादीखाली सरकवून दिला. त्यात काही बांधूनही देववेना आणि फेकवेना. सुशीला परत आली, चूल पेटवली, कामाला लागली. त्या मुलाबद्दल ती एक शब्द बोलली नाही. मीही नाही. दुकानात दिवसभर बडबडणारा मी, घरात आलो की भाताच्या मऊपणावर बोलत असे.

दुसऱ्या वेळी दिवस गेले तेव्हा ती स्वतःच सिस्टरबाईंकडे गेली. मी मागे उभा होतो.

"मी माहेरी जात नाही, बाई. तुमच्याच हातून करा. मले लेकराचा कागद पाहिजे."

"कागद लेकरू देते," बाई म्हणाल्या. "मी तं फक्त रंगवते. पोट दाखव."

मुलगी झाली वैशाखात, दिवस भरायच्या आधी. मूठभर जीव. रडणंही नीट येईना. बाईंनी तिला कापसात गुंडाळलं, ड्रॉपरनं थेंब थेंब दूध पाजलं, दारांना ओले पडदे लावून घेतले. दवाखान्याचं काम आटोपलं की त्या आमच्याकडे येत. मला त्यांनी पडदे भिजवायच्या कामावर नेमलं होतं, आणि मी ते इतक्या निष्ठेनं केलं की घरात चिखल झाला. कागद कापून द्या, असं सुशीलानं सांगितलं नाही. मीही कापला नाही. पाचवीच्या दिवशी दुपारी बाईच म्हणाल्या, "कापडशेठ, कागद काहून आणला नाही अजून?" तेव्हा सुशीला पहिल्यांदा रडली.

सहाव्या दिवशी सकाळी बाई पिढा घेऊन अंगणात उतरल्या. वैशाखातलं आमचं अंगण! माती तव्यासारखी. जास्वंदाच्या नुसत्या काड्या. तुळशीची मंजिरीदेखील जळून गेलेली. बाई इकडून तिकडे फिरत होत्या. सुशीला लेकराला घेऊन दाराशी बसली होती आणि तिचे डोळे बाईंच्या पावलांबरोबर फिरत होते. एक शेजारीण म्हणाली, "आमच्या विहिरीवर मोगरा आहे, त्याचं काढा." बाईंनी मानही वळवली नाही.

मागे न्हाणी होती. बाळंतिणीच्या आंघोळीचं पाणी तिथून नालीत जायचं. त्या ओलाव्याला धरून, दगडाच्या फटीतून, माका आला होता. आपण वाटून केसांना लावतो तोच माका. त्याला एक फूल होतं. पांढरं, बटणाएवढं.

"हे घ्या," बाई म्हणाल्या. "पोरीनं आपलं फूल आपल्याच पाण्यावर वाढवलं."

त्या नालीशी बसल्या. मी मागे उभा. माझ्या लक्षात आलं की त्यांच्या डबीत पांढरी वडीच नाही. त्या जागी शर्टाची गुंडी ठेवलेली. मला राहवलं नाही.

"बाई, पांढरा कुठून आणान?"

"गप बसा."

त्यांनी फूल काढलंच नाही. पिवळ्या औषधात निळा मिसळून, काजळी टाकून त्यांनी पानं काढली, खरखरीत, समोरासमोरची. मग दगडाची काळी फट. ओली माती, चहाच्या रंगाची. नालीतल्या पाण्याची चकाकी. सगळं भोवतालचं काढत त्या आत आत आल्या, आणि मध्ये एक एवढीशी जागा शिवायची राहिली. तिच्या कडेनं त्या काळ्या फटीचा अंधार अगदी टोकानं लावत गेल्या, दात कोरायच्या काडीसारख्या बारीक टोकानं, आणि त्या कोऱ्या जागेला एक एक पाकळी फुटत गेली. शेवटी मधोमध पिवळ्या औषधाचा एक कण.

फूल होतं ते कागदाचाच कोरा भाग होता. जिथं रात्री सटवाईनं लिहिलं असेल तो. त्या पाकळ्यांना बाईंनी ब्रशही लावला नव्हता.

मी कापडवाला माणूस. रोज पांढरं कापड फाडतो. पण पांढरं म्हणजे काय, ते त्या दिवशी नालीच्या काठावर पाहिलं. माझ्या मानेवर काटा आला होता आणि पाय चिखलात रुतले होते, आणि मला दोन्ही कळत नव्हतं.

सुशीलानं कागद घेतला. बराच वेळ पाहिला. मग लेकराला मांडीवर सरळ करून ती एकदम म्हणाली, "बाई, पयल्याचंही काढून द्या ना."

बाईंचा ब्रश धुणारा हात थांबला. "मी होती का तिथं त्या दिवशी?"

"नाही."

"अंगणात काय फुललं होतं?"

"मी बाहेर पाह्यलंच नाही. त्याच्याकडेच पाहत होती."

"मंग मी कायचं काढू? मनचं फूल काढाले हे का उशीवरची वेलबुट्टी होय? अन् त्याची पाचवी नाही झाली माय. सटवाई आलीच नाही त्या कागदावर."

"बरं," सुशीला म्हणाली.

ते 'बरं' आमच्या घरात पुढे कित्येक महिने होतं. मुलगी बाळसं धरत होती, रांगत होती, माक्याचा कागद देवघराच्या अंधारात लावलेला होता, कारण दवाखान्याचा रंग उन्हानं उडतो. आणि सुशीला दिवा लावताना त्या कागदाशेजारच्या रिकाम्या भिंतीकडे बघायची. मला ते सहन होईना. एक दिवस मी अक्कल लढवून बाईंकडे गेलो.

"बाई, एखादा मोगरा काढून द्या आणि सांगा का हाच होता. तिले काय मालूम पडते?"

तारीख उलटलेल्या औषधाच्या बाटलीकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तिलेच मालूम पडन," म्हणाल्या. "तुम्हाले नाही पडणार."

त्यानंतरच्या पावसाळ्यात बाईंची बदली झाली. साकोलीकडे, जंगलाला लागून कुठेतरी. जायच्या दिवशी त्या दुकानाच्या पायरीशी सायकल धरून उभ्या राहिल्या.

"पयल्याचा कागद असन ना तुमच्यापाशी? फेकला नसन."

"आहे. कायले पाहिजे?"

"द्या म्हणते ना."

मी गादी उचलून गुंडाळी काढून दिली. सुशीलाला सांगितलं नाही. न जाणो, काही झालंच नाही तर?

दिवाळी गेली, तिच्या मागची मंडईची जत्रा गेली, धान घरात आलं. मार्गशीर्षात एका सकाळी पवनीकडे जाणारी एसटी दुकानासमोर थांबली आणि तिच्यातून बाई उतरल्या. बॅग नाही, पिढा नाही. हातात फक्त गुंडाळी.

"कापडशेठ, वहिनीले बोलवा लवकर. याच गाडीनं समोर जायचं आहे."

दुकानाच्या मागेच घर. सुशीला पिठाच्या हातांनी धावत आली, मागे लुगडं धरून मुलगी. बाईंनी रस्त्यातच गुंडाळी उलगडून तिच्यापुढे धरली, कारण तिचे हात भरलेले होते.

वालाची वेल होती. कुडाच्या भिंतीवर चढलेली, जांभळ्या फुलांचे तुरे, खाली एक कोवळी शेंग. एका पानाला भोक. कुडाचा एक बांबू फुटलेला, त्याला तरटाची चिंधी बांधलेली.

सुशीला त्या चिंधीपाशी वाकली. मग ती हळूच म्हणाली, "हे माह्या मायच्या न्हाणीवरची वेल."

"गेली होती मी तिकडे," बाई म्हणाल्या. "त्याच्याच महिन्यात, त्याच्याच तिथीले. तुह्या मायले पुसलं. ते म्हणे दरसाल त्याच बियाचा वाल लावतो, अन् त्या साली असाच फुलला होता. तू तिथंच आंघोळीले बसत होती."

"पन बाई," सुशीला म्हणाली, "त्याच्या कागदावर सटवाई..."

"नाही आली तं नाही आली," बाई म्हणाल्या. "माय तं होती ना तिथं."

कंडक्टरनं घंटी मारली. बाईंनी गुंडाळी माझ्या हातात कोंबली, मुलीचा गाल चिमटीत धरला आणि वळल्या. गाडी हलता हलता चढल्या. एसटी नाक्याच्या वळणाला गेली तेव्हा खिडकीच्या गजांतून त्यांचा एक हात बाहेर दिसत होता. बोटांची टोकं जांभळी होती. त्यानंतर त्या मला दिसल्या नाहीत.

सुशीला कितीतरी वेळ तिथंच, पिठाचे हात वर धरून, रस्त्याकडे बघत उभी होती. मी कागद उन्हातून आत नेला आणि आता काय बोलावं या विचारात पडलो. तिनं हात धुतले, पुसले, माझ्या हातातून कागद घेतला, भिंतीवरच्या माक्याशेजारी धरून पाहिला, आणि म्हणाली, "भंडाऱ्याले गेले म्हणजे काच लावून आणा जी. पन दोन्ही चौकटी एकाच मापाच्या करजा. एकाले लहान, एकाले मोठी, असं नको."